उजव्या बाजूचं सामान

नाशिकहून पहाटे साडेपाचला निघालो तेव्हा बायको गॅलरीत उभी होती. "एवढंच सामान?" तिने विचारलं आणि मी अभिमानाने हो म्हणालो. चार दिवसांसाठी दोन जोड कपडे, टॉवेल, कॅमेरा, पंक्चर काढायचं साहित्य आणि पाण्याच्या बाटल्या. याहून जास्त काही माझ्या गाडीवर मावतच नव्हतं, हे मात्र तिला सांगितलं नाही.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. खरं तर माझ्यामुळे झालं, पण गाडीवर ढकलायची सवय अजून गेलेली नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी मी स्पोर्ट्‌स बाईक घेतली. निळीशार, पुढे झुकलेली, शेपूट वर उचललेली. मागची सीट जेमतेम पोळपाटाएवढी. तिच्यावर माणूस बसवला तर तो देवाचं नाव घेत बसतो, आणि सामान ठेवलं तर ते गुपचूप मागे सरकत जातं. धरायला दांडी नाही, कॅरियर नाही, दोरी अडकवायला साधा हूक नाही. अशा गाड्यांसाठी सीटवरून दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या, पट्ट्यांनी जोडलेल्या बॅगांची जोडी मिळते. ती मी ऑनलाइन मागवली. बॅगांखाली लोखंडी आधार लावून घ्या, असं आमच्या गॅरेजवाल्याने दोनदा सांगितलं. पण आधार लावला की गाडी दूधवाल्याची दिसणार. मी नको म्हणालो.

मालेगाव, धुळे मागे टाकेपर्यंत मजा होती. धुळ्याच्या पुढे मे महिन्याने आपलं खरं रूप दाखवलं. या गाडीवर वाकून बसावं लागतं, म्हणजे सगळा भार मनगटांवर आणि तोंड थेट टाकीवर. टाकीतून गरम वाफा, रस्त्यावरून गरम वाफा. दोंडाईचात उसाचा रस प्यायलो, सारंगखेड्याला तापीचा पूल ओलांडला आणि शहाद्यात शिरताना लक्षात आलं की डाव्या बॅगेच्या पट्टीची शिवण उसवली आहे. बॅग चाकापासून चार बोटांवर लोंबत होती.

विचारत विचारत सलीमचाचांच्या दुकानापर्यंत पोहोचलो. दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली, दारात रिक्षाच्या आणि ट्रॅक्टरच्या सीटांचा ढीग, आत एक जुनं पायडलचं मशीन. चाचा सत्तरीचे असतील. पांढरी दाढी, चष्म्याला एका बाजूने दोरा बांधलेला. बॅग बघायच्या आधी ते उठून गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"कोठे जाई ऱ्हायनात भाऊ?"

"तोरणमाळला."

"हाई गाडीवर?" त्यांनी मागच्या सीटवर हात दाबून बघितला. "हाई एकटा माणूससाठी बनेल शे. सामानसाठी नही."

मी जरा दुखावलो. म्हणालो, चाचा, लोक अशाच गाड्यांवरून लडाखला जाऊन येतात. ते मशीनवर बसले आणि शिवता शिवता त्यांनी मला त्यांच्या घराण्याची गोष्ट सांगितली. त्यांचे आजोबा, वडील सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्यांसाठी खोगीर आणि खुर्ज्या शिवायचे. खुर्जी म्हणजे घोड्याच्या पाठीवरून दोन्ही अंगांना लोंबणारी झोळी. माझ्या ऑनलाइन बॅगा म्हणजे तीच खुर्जी, फक्त नायलॉनची.

"खुर्जी शिवानी ना, तर पहिले घोडानं अंग दखतस," ते म्हणाले. "कोठे घासाई, कोठे घाम ई. मंग माप लेतस. तुमना घोडानं उजवं अंग तापस." म्हणजे आधी घोड्याचं अंग बघायचं, कुठे घासेल, कुठे घाम येईल, आणि मग माप घ्यायचं, आणि माझ्या घोड्याचं उजवं अंग तापतं. त्यांनी वर वळलेल्या सायलेन्सरकडे बोट दाखवलं. "अठे जड काही ठेवू नका. नहीतर मी लोखंडनी पट्टी लाई देस. दोन नट. अर्धा तास लागी."

पट्टी म्हणजे बॅग आणि सायलेन्सर यांच्यामधला आडोसा. त्यांनी ती कोपऱ्यातून काढूनही दाखवली. काळी, जाडजूड, कुठल्या तरी जुन्या स्कूटरची. माझ्या निळ्या गाडीला ती कशी दिसली असती, याचा मी विचार केला आणि म्हणालो, येताना बघू. चाचांनी पट्टी परत कोपऱ्यात ठेवली. वाईट वाटून घेतलं नाही, पुन्हा आग्रहही केला नाही. शिवण मात्र अशी घट्ट घातली की ती बाजू शेवटपर्यंत हलली नाही. उजव्या बॅगेच्या पट्टीची शिवणही बघू का, असं त्यांनी विचारलं होतं. ती ठीक आहे, असं मीच सांगितलं.

शहाद्यात शेवभाजी खाल्ली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हसावद गेलं, राणीपूर गेलं, केळीचे आणि पपईचे मळे संपले आणि सातपुड्याने रस्ता हातात घेतला. तोरणमाळचा घाट स्पोर्ट्‌स बाईकसाठीच केला आहे, असं मी मित्रांना सांगत असे, न बघताच. वळणं खरंच देखणी आहेत, पण वळणावर खडी असते, आणि खडीवर माझी गाडी नव्या बुटातल्या पाहुण्यासारखी चालते. दोनदा घसरता घसरता वाचलो. वर पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं आणि चक्क गार वारा होता. खाली बेचाळीस अंश सोसून आलेल्या माणसाला तो वारा काय वाटतो, ते तिथे जाऊनच कळेल.

राहायची सोय जामसिंगकडे झाली. जामसिंग पावरा समाजातला, पस्तिशीचा, तलावाजवळ चहाची टपरी चालवतो आणि घराची एक खोली पाहुण्यांना देतो. त्याचं मराठी शाळेत शिकलेलं, सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवल्यासारखं. घरात सगळे पावरी बोलत. माझ्याशी बोलायची वेळ आली की सगळे जामसिंगकडे बघत.

पुढचे दोन दिवस चांगले गेले, अगदी मनापासून चांगले. मे महिना म्हणजे तिथे आमचुराचा हंगाम. घराघरांतल्या बाया अंगणात बसून कैऱ्या सोलत होत्या, काप करत होत्या आणि ते काप उतारावरच्या काळ्या खडकांवर वाळत टाकत होत्या. सगळ्या पठारावर आंबट वास भरून राहिला होता. सकाळी मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ, दुपारी तीच आणि वर लसणाची चटणी. मी सीताखाईच्या कड्यावर गेलो, तलावाभोवती फिरलो, फोटो काढले. फोटोंत गाडी जास्त आणि तोरणमाळ कमी आलं आहे, हे घरी येऊन बघितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जामसिंगने विचारलं, "साहेब, तुम्ही परत कोणत्या रस्त्याने जाणार?"

मी म्हणालो, नंदुरबार, विसरवाडी, मग कोंडाईबारीचा घाट ओलांडून साक्रीमार्गे. तेवढाच एक नवा रस्ता होईल. त्याने हातातला कप धुऊन ठेवला. मग म्हणाला, "विसरवाडीहून चिंचपाडा लांब नाही. माझ्या फुईचं (आत्याचं) एक काम होतं."

फुईचं नाव रुमलीबाई. तिचं घर टपरीपासून हाकेच्या अंतरावर होतं. बारीक अंगाची, पाठीत वाकलेली म्हातारी. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, गुडघे धरलेले. तिने आम्हाला बसायला बाज दिली आणि स्वतः जमिनीवर बसून जामसिंगशी बराच वेळ बोलली. त्याने मला थोडक्यात सांगितलं ते असं.

रुमलीबाईची मुलगी ललिता नर्स झाली आणि चिंचपाड्याला नोकरीला लागली. तिथल्याच एका मावची समाजातल्या मुलाशी तिने आपल्या मनाने लग्न केलं. भावांनी बोलणं टाकलं. त्याला सहा वर्षं झाली. म्हातारीला लेकीच्या लग्नात काहीच देता आलं नव्हतं. आता भाऊ जरा निवळले होते, ललिताचा फोन येत होता, आणि तिने आईकडे एकच वस्तू मागितली होती. घरच्या ज्वारीचं बी.

"ही ज्वारी आता कोणी पेरत नाही," जामसिंग म्हणाला. "आम्ही सगळे सोयाबीन, मका लावतो. दुकानातून बी आणतो. फुई एकटी घरामागे एक पट्टा पेरायची. बी राखायचं बायांचं काम. तिच्या आईने तिला दिलं, आता ती ललिताला देणार. तिचे गुडघे गेले, यंदापासून तिच्याने होत नाही. म्हणून सगळंच देते आहे."

"सगळंच?"

"ठेवून काय करणार. पेरलं नाही तर दोन वर्षांत मरतं."

रुमलीबाईने आतून एक तुंबा आणला, म्हणजे वाळवून पोखरलेला मोठा भोपळा. त्याचं तोंड शेणामातीने लिंपलेलं होतं. तिने ते नखाने फोडलं आणि आतलं बी सुपात ओतलं. चुलीच्या राखेत घोळलेली ज्वारी, तांबूस, लहान दाण्याची. अडीच-तीन किलो असेल. तिने एक दाणा दाताखाली धरून बघितला, एक मला दिला. टणक होता. मग तिने जुन्या लुगड्याच्या धडप्यात पळसाची पानं पसरली, राखेसकट बी त्यावर ओतलं आणि गाठोडं बांधलं. गाठ मारायला तिला बराच वेळ लागला. गाठीवर दुसरी गाठ, तिच्या पोटात तिसरी, आणि टोकं आत खोचलेली.

तिने माझ्याकडे बघून काही तरी म्हटलं. जामसिंग म्हणाला, "गाठ ललिताच्या घरीच सोडायची, मध्ये कुठे सोडायची नाही. आणि ऊब लागू द्यायची नाही. बी जिवंत असतं, म्हणते."

मी दोन्ही हातांनी गाठोडं घेतलं. खरं सांगतो, मला त्या वेळी फार मोठं वाटलं. आपण नुसते भटकायला आलेलो नाही, आपल्यावर कुणीतरी काही सोपवलं आहे, असं. पुढच्या वेळी मित्रांना काय सांगायचं, याची वाक्यंही मनात जुळायला लागली होती.

चौथ्या दिवशी सकाळी सामान बांधलं. डाव्या बॅगेत कपडे होते, उजवीकडे टॉवेल आणि कॅमेरा. जामसिंगने वाटेसाठी आमचुराच्या दोन पुड्या दिल्या. गाठोडं कपड्यांवर डावीकडे ठेवलं, तेव्हा बॅगेची चेन लागेना. मग उजवीकडे बघितलं. तिथे ठेवायचं तर कॅमेरा काढावा लागणार. कॅमेरा काढून डावीकडे कपड्यांत बसवला, कारण कॅमेऱ्याला ऊब चालत नाही, लेन्स खराब होते. आणि गाठोडं उजवीकडे तळाला घातलं. वर टॉवेल, वर आमचूर. जड वस्तू खाली असावी, हा नियम मला ठाऊक होता.

चाचांचं बोलणं मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण मनात म्हणालो, ज्वारीच तर आहे, उन्हातच वाढते. हा विचार मी शब्दशः केला होता. जामसिंग बाजूलाच उभा होता, त्याला सायलेन्सरचं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. रुमलीबाई काठी टेकत टपरीपर्यंत आली. तिने बॅगेवरून हात फिरवला आणि मी गाडी चालू केली तशी दचकून मागे झाली.

उतरताना घाटात गाडीने बरेच हिसके खाल्ले. राणीपूरच्या अलीकडे जळका वास आला. शेताच्या बांधावर कोणीतरी काडीकचरा पेटवला असेल, असं मी धरून चाललो. मे महिन्यात तो वास सगळीकडेच असतो. म्हसावदला चहा प्यायचा विचार होता, पण रस्ता मोकळा मिळाला आणि गाडी सुसाट निघाली. खूप दिवसांनी सरळ, रिकामा रस्ता मिळाला की या गाडीवर थांबवत नाही.

शहाद्यात चाचांच्या दुकानावरूनच जावं लागलं. ते दारात सीट ठोकत बसले होते. मला बघून ते उठले आणि त्यांनी हात वर केला. मीही हसून हात हलवला. आरशात दिसलं की ते रस्त्यावर आले आहेत आणि अजून हात हलवताहेत. मला वाटलं, म्हाताऱ्याला पट्टी लावायची आहे. दोनदा हॉर्न वाजवून मी पुढे गेलो.

प्रकाशा गावाला, तापीच्या पुलाजवळ एका बाईकवाल्याने मला गाठलं आणि ओरडून सांगितलं, "भाऊ, तुमनी बॅग जळी ऱ्हायनी."

गाडी बाजूला घेतली. उजव्या बॅगेची पट्टी सैल होऊन बॅग सायलेन्सरवर बसली होती. तळाचं नायलॉन वितळून धातूला चिकटलं होतं आणि त्याच्या काळ्या तारा निघत होत्या. बाटलीतलं पाणी ओतलं, ते चर्रकन उडालं. टॉवेल काढला, आमचूर काढलं. गाठोड्याला हात लावला आणि मागे घेतला. भाजत होतं.

निंबाच्या सावलीत ते जमिनीवर ठेवून मी बराच वेळ बघत बसलो. मध्ये गाठ सोडायची नाही, असं रुमलीबाईने सांगितलं होतं. पण आत काय झालंय ते बघितल्याशिवाय मला राहवेना. गाठ सुटेना. दातांनी ओढून, किल्लीचं टोक घालून ती सोडवली. पळसाची पानं एका बाजूने तपकिरी होऊन चुरली होती. राख गरम होती, चुलीतून आत्ता काढल्यासारखी. आणि त्या करड्या राखेत तळाशी दहा-बारा पांढऱ्या लाह्या फुटल्या होत्या.

ज्वारीच्या लाह्या आमच्या घरी नागपंचमीला होतात. मला त्या फार आवडतात. त्या दिवशी पुलाजवळ बसून मी त्यातली एक तोंडात टाकली. का टाकली, सांगता येत नाही. कुरकुरीत होती. नंतर मी एकेक लाही वेचून काढली, मग काळे पडलेले दाणे वेचले, करपलेली पानं फेकली. अर्धा तास तरी गेला असेल. वेचून झाल्यावर उरलेली ज्वारी अगदी सकाळच्यासारखी दिसत होती. तांबूस, टणक. एक दाणा दाताखाली धरून बघितला, रुमलीबाईने केलं तसं. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. तरी मी मान डोलावली आणि स्वतःला सांगितलं की वरच्या बीला काही झालेलं नाही.

त्याच वेळी जामसिंगला फोन करायला हवा होता. रेंज होती. फोन हातात घेतलाही होता. पण मग विचार आला की त्या म्हातारीला उगाच घोर कशाला. हा विचार मला फार चांगल्या मनाचा वाटला. गाठोडं पुन्हा बांधलं, जमेल तशा दोन गाठी मारल्या, आणि या वेळी कॅमेरा पाठीवर घेऊन गाठोडं डावीकडे ठेवलं. कपडे जोर लावून दाबले, तशी जागा झाली. सकाळीही झाली असती.

नंदुरबारात जेवावंसं वाटलं नाही. विसरवाडीपासून भातखाचरं आणि सागाची झाडं सुरू झाली. चिंचपाड्याला पोहोचलो तेव्हा चार वाजले असतील. ललिताचं घर गावाबाहेर उतारावर होतं, कुडाच्या भिंती, वर कौलं, मागे दीड-दोन एकर जमीन नांगरून तयार. ती नुकतीच ड्यूटीवरून आली होती. तिशीची, हसरी, चेहरा थेट आईचा. नवरा दिनेश विहिरीवरून पाणी घेऊन आला. दोघांनी मला ओटीवर बसवलं, तांब्या दिला. ललिता परत परत विचारत होती, आईचे गुडघे कसे आहेत, चालते का, काय म्हणाली. मी सगळं सांगितलं. मला गोष्टी सांगता येतात.

मग गाठोडं दिलं. तिने ते कपाळाला लावलं आणि सोडायला घेतलं. एका झटक्यात सुटलं.

"ही गाठ आईची नाही," ती म्हणाली. हसतच म्हणाली.

"वाटेत सैल झाली होती," मी म्हणालो. "सांडू नये म्हणून मीच पुन्हा बांधली."

"बरं केलंत." तिने मूठभर बी हातात घेतलं, वास घेतला. मग पुन्हा घेतला. "ऊन-बिन नाही ना लागलं दादा याला?"

ती नर्स होती, शेतकरी होती, तिला खरं ऐकायचं होतं. तिने मला बोलायला जागा करून दिली होती. मी त्या वेळी सांगितलं असतं तर काय झालं असतं? ती रागावली असती, कदाचित रडली असती. चार दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उगवतात का ते बघितलं असतं, आणि दोष ज्याचा त्याच्याकडे राहिला असता.

"छे," मी म्हणालो. "बॅगेत नीट होतं. जिवासारखं जपलं."

तिने तांदळाची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. मी दोनदा मागून घेतली. निघताना दिनेशने गाडीचं खूप कौतुक केलं. उजवी बॅग तळाला जळलेली होती, ती मी टॉवेलने झाकली होती. ललिताने बी सुपात घेऊन माझ्या गाडीपाशी फोटो काढून घेतला आणि लगेच जामसिंगच्या फोनवर पाठवला, आईला दाखवायला. त्या फोटोत मीही आहे. हसतो आहे.

कोंडाईबारीचा घाट चढलो, साक्रीला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो. बायकोने जळलेली बॅग बघितली आणि कचऱ्यात टाकली. मी नवी बॅग घेतली, लोखंडी आधारही लावून घेतला. गाडी काही दूधवाल्याची दिसत नाही. मित्रांच्या बैठकीत मी बियांची गोष्ट चार-पाच वेळा सांगितली. आईचं बी डोंगरावरून लेकीपर्यंत कसं पोहोचवलं, ती गोष्ट. प्रकाशाचा पूल मी त्यात गाळत असे. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावत.

जुलै अर्धा गेल्यावर ललिताचा फोन आला. आवाजात तक्रार नव्हती. म्हणाली, "दादा, आईची ज्वारी उगवलीच नाही. कोपऱ्यात सात-आठ रोपं आली होती, तीही पिवळी पडून गेली. दिनेशने दुकानातून बी आणून पुन्हा पेरलं."

 ती पुढे म्हणाली, "आईला कळवलं नव्हतं, पण जामसिंगदादाकडून तिला कळलं. ती म्हणते, तिच्याच हातून गेलं. डोळ्याला दिसत नाही, तुंबा नीट लिंपला गेला नसेल, दमट लागलं असेल. दोन दिवस जेवली नाही म्हणे. मी तिला समजावलं की बी जुनं होतं, होतं असं. आणि दादा, तिने तुम्हाला मुद्दाम निरोप द्यायला सांगितलं. मेलेलं बी तुम्हाला एवढ्या उन्हात, एवढ्या लांब वाहायला लावलं. माफ करा म्हणते."

 प्रकाशाच्या पुलाचं तिथेच, तसंच सांगून टाकण्याइतका वेळ होता. पलीकडे पावसाचा आवाज येत होता.

"काही हरकत नाही," मी म्हणालो. "त्यांना सांगा, मनाला लावून घेऊ नका."

ललिताने आभार मानले आणि फोन ठेवला. बायको समोर बसून भाजी निवडत होती. कोणाचा फोन, असं तिने विचारलं. मी म्हणालो, तोरणमाळच्या ओळखीच्यांचा. मग उठून गॅलरीत गेलो आणि किती तरी वेळ खाली गाडीकडे बघत राहिलो.

प्रवासातून माणूस काय घेऊन येतो, यावर लोक बरंच छान लिहितात. मी एका म्हातारीला माफी देऊन आलो, जी मी तिच्याकडे मागायला हवी होती. ललिताला फोन करणं सोपं आहे, पण हे फोनवर सांगायचं नाही, एवढं मला कळतं. रुमलीबाईच्या अंगणात जाऊन, जामसिंगला मध्ये बसवून, माझ्या मराठीतून ते तिच्या भाषेत जाताना मला ऐकावं लागेल. नाशिकहून तोरणमाळ एका दिवसाचा रस्ता आहे. मी अजून निघालेलो नाही.